एक रस्ता बंद

कुमासीच्या प्रयोगशाळेत डॉक्टर सेरवाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना ‘चला, पसरा’ असा निरोप पोचवणारा रस्ता औषधाने बंद केला. पेशी जागच्या हलेनात. शनिवारी आनंद पोटात मावेना, तेव्हा तिने आईला फोन केला.

“पण खबरदार, इतक्यात मावशीला फोन करायचा नाही!”

आईने शपथ घेतली.

सोमवारी पाहते तर काय, त्या भवानी पेशींनी दुसऱ्याच रस्त्याने निरोप मिळवला होता आणि बशीभर पसरल्या होत्या! सेरवाने कपाळावर हात मारला, तोच चर्चमधल्या झाडून साऱ्या बायका सणाच्या पांढऱ्या कपड्यांत गात-नाचत दारात हजर. सगळ्यांत पुढे आई.

“आई, शपथ घेतली होतीस ना?”

“मग? मावशीला कुठे केला फोन? मी आपले काल देवाचे आभार मानले. माइकवरून.”