बोअरात आलेली वाळू

सिद्धोधन गुजरातेत तेलाच्या विहिरींवर कामाला होता, आणि त्याचं काम काय, तर विहिरीवर कुणाला हावरटपणा करू द्यायचा नाही. तिकडं तेल वाळूच्या कच्च्या दगडात असतं. हळू ओढलं तर दगड जागेवर राहतो. जोर केला की त्याची वाळू सुटते, तेलाबरोबर वर येते, पाइप खाते आणि शेवटी विहीरच बुजवते. पाइपमध्ये वाळूची खरखर आली की हा व्हॉल्व आवळायचा. तेल कमी का, म्हणून साहेब बोंबलायचे. हा पठ्ठ्या दाद द्यायचा नाही.

आणि असा माणूस चौदा एप्रिलच्या जयंतीला पालमजवळच्या आपल्या गावी येऊन काय करून बसला बघा!

गावातले बाकीचे बोअर काळ्या खडकातले, होळीलाच कोरडे पडणारे. एकट्या सरजाबाईचा, म्हणजे त्याच्या मायचा बोअर नदीकाठच्या वाळूतला. मोटर लहान, धार करंगळीएवढी, पण बारमाही. सगळी वस्ती त्याच्यावर. मोठ्या विहिरीवाल्या व्यंकटरावांच्या दारात घागर घेऊन ताटकळण्यात सरजाबाईची उमर गेली होती. या बोअरानं ते एकदाचं सुटलं होतं.

जयंतीच्या सकाळी वस्तीच्या जेवणासाठी पाण्याची टाकी अर्धीच भरली होती. शेजारचा आश्रुबा चेष्टेनं म्हणाला, "काय इंजिनिअरसाहेब, तिकडं जमिनीच्या पोटातून तेल काढता, अन् मायच्या बोअरला एवढीच धार? माझी मोठी मोटर रिकामीच हाय. सोडू का?"

सिद्धोधनला कळत नव्हतं असं नाही. नको, हा शब्द ओठावर आला होता. पण वस्ती बघायली होती, माय कौतुकानं बघायली होती, आणि गड्याची छाती फुगली.

"सोडा," तो म्हणाला. मोटर उतरवली आणि व्हॉल्व त्यानं स्वतःच्या हातानं पूर्ण उघडला.

काय पाणी आलं म्हणता! मनगटाएवढी धार. पोरं नाचायला लागली. तेवढ्यात पाइपमधून खरखर ऐकू आली. तिकडं असता तर सगळं टाकून व्हॉल्व आवळायला पळाला असता. इथं मात्र त्यानं मनाशी म्हटलं, टाकी भरू दे, मग करू बंद.

टाकी भरलीच नाही. पाणी गढूळ झालं, मग नुसती वाळू यायला लागली, मग मोटर अडकली ती अडकलीच. कुणी किती ओढली तरी वर येईना. बोअर बुजला होता.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई व्यंकटरावांच्या दारात घागर घेऊन उभी होती. विचारेल त्याला सांगायली होती, "पाणीच आटलं बाई. उन्हाळाच लय कडक." लेकाचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. ते ऐकून सिद्धोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती घागर घेऊन आली तशी त्यानं धावत जाऊन तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली. "माय, पाणी आटलं न्हाई. खाली हाय तिथंच हाय. म्या..."

"गप. लोकाला काय करायचंय?" तिनं त्याच घागरीतला तांब्या भरून त्याच्या हातात दिला. मग हळूच विचारलं, "तिकडं तुझ्या हिरीबी अशाच बुजत्यात का रे?"

तांब्या त्याच्या ओठापर्यंत जाईना.

"न्हाई माय," तो म्हणाला. "तिकडं मी बुजू देत न्हाई."