पर्पेतुआची सोरी

बंड मोडायला बुगनव्हिल बेटाला सरकारी सैन्याने घातलेल्या वेढ्याला दोन वर्षं झाली होती. मीठ नाही, रॉकेल नाही, मलेरियाची गोळी तर औषधालासुद्धा नाही. पर्पेतुआची लेक थिओनिला पाच महिन्यांची गरोदर, आणि दिवसाआड तापाने फणफणायची.

समुद्रापलीकडच्या मोठ्या देशातून ग्रॅहम पेल नावाचा बातमीदार गस्त चुकवून होडीने आला, तेव्हा पर्पेतुआला वाटलं, सुटलो एकदाचे. सैन्याला हेलिकॉप्टरं त्याच देशाने दिलेली. ती परत घ्या, औषधांची बोट जाऊ द्या, म्हणून तिथले लोक रस्त्यावर उतरले होते. पेलने इथलं खरं छापलं की त्यांचं सरकार नमणार, असं सगळं गाव म्हणत होतं.

गावात जमीन बायकांची, म्हणून पाहुण्याशी बोलायचा मान पर्पेतुआचा. तिने त्याला नऊ दिवस घरात ठेवलं, स्वतः अर्धपोटी राहून त्याला तारोचे कंद आणि नारळ खाऊ घातले. थिओनिलाला थरथरताना पाहून तो आपणहून 'सोरी' म्हणाला, तेव्हा तर पर्पेतुआ हरखलीच. बेटावरच्या बोलीत सोरी म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने जीव तुटणं. इंग्रजीसारखा माफीबिफीचा काही संबंध नाही. मेल्याला आपली भाषा बरोबर कळते, असं ती भावाला, दामियनला, कौतुकाने सांगत सुटली.

शेवटच्या दिवशी नदीकाठी दोन सैनिकांची प्रेतं सापडली. मिसरूडही न फुटलेली पोरं. शत्रूची असली म्हणून काय झालं? पर्पेतुआने गुडघे टेकून त्यांची तोंडं धुतली, वर चटई घातली.

"सोरी रे बाळांनो," ती म्हणाली. "तुमच्या आयांना अजून ठाऊकसुद्धा नाही."

पेलने तेवढं टिपून घेतलं, फोटो काढला आणि गेला.

तीन आठवड्यांनी रेडिओने सांगितलं की बंडखोरांच्या एका आईने सैन्याची माफी मागितली. मग होडीवाल्याने पेपर आणला. त्यात तिचा गुडघे टेकलेला फोटो, आणि वर ठळक अक्षरांत 'आमचं चुकलं'. तिकडच्या लोकांना वाटलं, मिटलं भांडण. मोर्चे पांगले, हेलिकॉप्टरं राहिली, आणि औषधांची बोट बंदरातून हललीच नाही.

शेजारीण म्हणाली, न कळून झालं असेल गं.

"कळत होतं त्याला," पर्पेतुआ म्हणाली. "माझ्या पोरीसाठी हाच शब्द काढला होता त्याने. केसाने गळा कापला मेल्याने."

इकडे लढणारी पोरंही बंदुका टाकून घरी परतू लागली. खुद्द आईच चुकलं म्हणते, तर आपण कशाला मरायचं? दामियनला त्या शब्दाचा अर्थ तिच्याइतकाच ठाऊक होता. तरी तो तिच्यावरच चिडला.

"अर्थ तुझ्यामाझ्यापुरता, ताई. जगाने ऐकलं ते वेगळंच. यापुढे तू तोंड उघडू नकोस."

पुढच्याच आठवड्यात थिओनिला गेली, पोटातल्या जिवासकट. पर्पेतुआच्या कुळात माती लोटण्याआधी आईने लेकराला मोठ्याने सोरी म्हणायचं असतं. ती खड्ड्याच्या काठाशी आली, तसा दामियन जवळ सरकला.

"तो शब्द नको," तो हळूच म्हणाला.

पर्पेतुआने एकेकाकडे पाहिलं. जमीन तिची, लेक तिची, आणि ही सगळी तिच्याच ओटीत वाढलेली माणसं. एकानेही "तू म्हण" म्हटलं नाही. तिने ओठ घट्ट आवळून धरले. मग दामियनने माती लोटायला सांगितलं.