कापशीची पऱ्हाटी

मंजुषा नवरी होऊन इंझोरीत आली आणि भागिरथाबाईच्या मांजरीचं पोट टकलं व्हायला लागलं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. गावाला तेवढं पुरे होतं.

मांजर पांढरीशुभ्र, फुगीर, म्हणून तिचं नाव कापशी. आता तिला उठल्यापासून एकच उद्योग. पाय वर करायचा आणि पोट चाटत सुटायचं. चाटून दमली की दातांनी केस उपटायचे. आधी पोट गेलं, मग मांड्या.

"कापूस वेचून झाला म्हना," भागिरथाबाईची जाऊ वच्छला ओसरीवर टेकता टेकता म्हणाली. "पऱ्हाटीच्या निस्त्या काड्या उरल्या. सून आली अन् मांजर उघडी पडली. पायगुण म्हन्तात तो हाच, बाई."

"आपल्यात पायगुण मानत नाईत," भागिरथाबाई ठसक्यात म्हणाली.

"आपन कुठी मानतो? मांजर मानते!"

आत मंजुषा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. सून भागिरथाबाईला मनापासून आवडली होती. खळखळून हसणारी, ठेच्याला सासूपेक्षा जास्त मिरच्या घालणारी पोर. त्या दिवसापासून पोरीचं हसणं आटलं.

मग सासू-सुनेनं कापशीला पिशवीत घातलं आणि कारंज्याची एसटी धरली. पिशवी वाटभर बोंबलत होती.

"मावशी, पिशवीत कोन हाये?" कंडक्टरनं विचारलं.

"नात हाये."

"मंग हाफ फाडू का?"

सगळी गाडी हसली. मंजुषा मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

जनावरांच्या डॉक्टरांनी कापशीचे केस उलटे फिरवून पाहिले, बारीक फणी घातली. "पिसवा नाहीत. खरूज नाही. काही दुखत-खुपतही नाही. मनातून धास्तावलं की मांजर असं करतं. चाटलं की तिच्या जीवाला बरं वाटतं, आणि मग थांबता येत नाही. घरात नवीन कोण आलंय?"

मागे बकरी घेऊन उभा असलेला माणूस मंजुषाच्या हातावरच्या मेंदीकडे बघायला लागला. बकरीनंही बघितलं.

"मीच आली," मंजुषा म्हणाली.

"तसं नाही हो. ती दिवसभर कुठं जाते, कशाला भिते, ते बघा आधी." पण हे पोरीच्या कानापर्यंत पोचलंच नाही. घरी आल्या आल्या तिनं बॅग भरायला घेतली.

"मी संध्याकाळच्या गाडीनं माहेरी जातो, आत्याबाई. कापशीले केस आले का येतो."

"अन् नाईच आले तं?"

मंजुषानं बॅगेची चेन ओढली. मांजरीपायी सून गेली, असं झालं तर गाव जन्मभर चघळणार. आणि पोरगी परत आलीच नाही तर? भागिरथाबाई तशीच कापशीच्या मागे लागली. चुलीमागे, कोठीखाली, न्हाणीत. कापशी वाकली की हीही वाकायची.

"काय हरवलं वं?" तिचा नवरा ग्यानबा दारातून ओरडला.

"तुमी गप राहा. सध्या मी मांजर हाये."

कापशी खिडकीतून नव्या नवरा-नवरीच्या खोलीत शिरली. भागिरथाबाई दारानं, रांगत. कोपऱ्यात मंजुषाच्या माहेरचं कपाट होतं, जीपवर बांधून आणलेलं, दारभर आरशाचं. कापशी त्याच्यापुढे थबकली. शेपटी खराट्याएवढी झाली. "फिस्स!" आतलीही फिसकारली. कापशी उडी मारून पलंगाखाली शिरली आणि पोट चाटत सुटली. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर, पुन्हा फिस्स, पुन्हा पलंगाखाली.

या घरात दुसरी मांजर राहायला आली होती, आणि ती काही केल्या जात नव्हती!

आरशात त्या दुसऱ्या मांजरीमागे एक म्हातारीही चार पायांवर उभी होती. भागिरथाबाई तिला बघून हसायला लागली, आणि मधेच थांबली. कपाट सुनेच्या माहेरचं. म्हणजे वच्छलेच्या हातात आयतं कोलीतच. कपाटाचं लपवून उंदराचं काही सांगावं का? उंदराला मांजर भिते असं कोण मानेल?

तिनं वळून पाहिलं. दारात बॅग घेऊन मंजुषा उभी. सगळं पाहिलेलं. ती कापशीकडे बघत होती, मग रांगत्या सासूकडे. तिचे ओठ थरथरले. आता रडते, असं भागिरथाबाईला वाटलं.

"माय वं!" मंजुषा फुटली. "म्हंजे पायगुण नाई, आत्याबाई. कपाटगुण!"

ती हसत हसत भुईवरच बसली. भागिरथाबाई आधीच भुईवर होती. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या, थांबल्या, कापशी फिसकारली, पुन्हा हसल्या.

"वापस धाडू का कपाट?" मंजुषानं डोळे पुसत विचारलं.

"खबरदार! मले बी लागते आरसा."

मंजुषानं भरलेली बॅग उघडली. वरचीच साडी काढली आणि आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर घट्ट बांधून टाकली. कापशी आली, साडी हुंगली, आणि बऱ्याच दिवसांनी पाय पसरून आडवी झाली.

हसण्याचा आवाज ऐकून वच्छला धावत आली. "काय झालं वं? अन् आरशाले साडी कोनं नेसवली?"

"मीच, काकूबाई," मंजुषा म्हणाली. "आता माहे पायच दिसत नाईत याच्यात. गुण कुठून दिसन?"

वच्छला उरलेल्या आरशापुढे उभी राहिली, पदर सारखा केला, एका बाजूनं वळली, दुसऱ्या बाजूनं वळली.

"काहून वं भागिरथा," ती हळूच म्हणाली, "मी एवढी जाड हावो काय?"

बाहेर संध्याकाळच्या गाडीनं हॉर्न दिला. हसण्याच्या गलक्यात तो कोणाला ऐकूच गेला नाही.