हवालदाराची दाढी

"सगळे बाहेर व्हा. मला दाढी करायचीय."

हवालदार तंबूत शिरला तेव्हा माझ्या हाताखाली एका ड्रायव्हरच्या अर्ध्या डोक्याचे केस कापून व्हायचे होते. तो बिचारा तसाच, एका बाजूला झाडी आणि एका बाजूला माळरान घेऊन उठला. रांगेतले बाकीचेही निमूटपणे बाहेर गेले. या माणसाशी वाद घालायची हौस छावणीत कुणालाच नव्हती.

मोडक्या जीपमधून काढलेल्या सीटला लोखंडी पाय जोडून आम्ही खुर्ची केली होती. तीत तो बसला. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत पांढरी पट्टी. परवा गस्तीच्या गाडीवर जमावानं दगडफेक केली आणि काचेचा तुकडा त्याच्या गालात घुसला. ज्यांच्या रक्षणाला आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो, त्यांना आम्ही डोळ्यासमोर नको होतो. आम्हालाही ते नको होते. आठ महिने हा असाच संसार चालला होता.

"पट्टी काढ आणि दाढी करून दे," तो म्हणाला.

"डॉक्टर माझी कातडी सोलतील."

"कात्री," छावणीनं मला ठेवलेल्या नावानं तो म्हणाला, "तोंड चालवू नकोस. थोड्या वेळात घरी फोन लागेल. पोरगी पट्टी बघेल."

"बघू द्या की."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मागच्या वेळी नुसता हात भाजलेला दिसला तर चार दिवस जेवली नाही ती."

मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला सांगू? फोनच्या वेळा हाच ठरवायचा. गेल्या उन्हाळ्यात माझी वेळ आली, त्या सकाळी मी त्याला उलटून बोललो म्हणून यानं माझी वेळ कापली आणि मला गाड्या धुवायला पाठवलं. "पुढच्या आठवड्यात बोल. आई काय कुठं पळून चाललीय?" असं सगळ्यांसमोर म्हणाला. पुढचा आठवडा यायच्या आत आई गेली. त्यानंतर यानं सांत्वनाचा एक शब्द काढला नाही आणि मीही त्याच्याशी कामापुरतंच बोलायचो. वस्तरा परजताना रोज त्याची मान डोळ्यांसमोर यायची. आज ती मान माझ्यासमोर होती आणि तिला घाम फुटला होता.

पण पोरीनं माझं काय बिघडवलं होतं?

"फोन इथंच घ्या," मी म्हटलं. "शेजारच्या तंबूतलं नेटवर्क इथवर येतं. पट्टीवरून फेस लावतो. पांढऱ्यावर पांढरं. दाढी चाललीय असं वाटेल."

त्यानं मान डोलावली. आभार वगैरे नाहीत. मी वाटीत साबण घोटला आणि ब्रशनं कानापर्यंत फेसाचे थर चढवले. मोबाइल आरशाला टेकवून ठेवला.

पोरगी दिसली आणि खिदळायलाच लागली. "आई, बघ! बाबा म्हातारे झाले!"

"तुझा पडलेला दात दाखव," हवालदार म्हणाला. हा आवाज छावणीत कुणी ऐकला नव्हता.

तिनं जबडा पसरून दाखवला. वर्गातल्या कुणाशी तरी भांडण झालं होतं, ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मी उजव्या गालावर वस्तरा फिरवत होतो. तिथं एक केस उरला नव्हता, तरी फिरवत होतो. डावीकडे जायची सोय नव्हती.

"जा, आजीला बोलावून आण," मागून बायको म्हणाली. पोरगी पळाली तशी ती पुढे सरकली. "पुसा तो फेस."

"अगं, दाढी अर्धवट..."

"लग्नाच्या दिवशी न्हाव्याला हाकलून दिलं होतं तुम्ही. दुसऱ्याच्या हातात गळा देणार नाही म्हणालात. आणि आज पोरीसमोर दाढी करून घेताय? मला खुळी समजता?" मग माझ्याकडे बघून, "भाऊ, तुम्ही पुसा."

मी हवालदाराकडे बघितलं नाही. टॉवेल घेतला आणि पुसलं. भिजलेली पट्टी मधोमध गुलाबी झाली होती.

ती वाकून नीट बघू लागली. मग म्हणाली, "डोळा वाचला?"

"हो. सात टाके आहेत फक्त."

"फक्त! तुम्ही सांगत नाही ना, म्हणून मी इथं बसल्या बसल्या रोज तुमचा हात तोडते, पाय तोडते. भाजी चिरताना तोडते, कपडे वाळत घालताना तोडते. खरं सांगितलंत तर सात टाक्यांवर भागेल माझं."

हवालदार खाली मान घालून बसला. याला असं झापणारं कुणीतरी आहे, हे बघून मला गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेवढ्यात तिकडे पावलं वाजली. ती घाईनं माझ्यावरच ओरडली, "बघताय काय भाऊ? लावा ना परत फेस!"

मी लावला. म्हातारी येऊन मोबाइलला जवळजवळ नाक लावून बसली. लेकाला न्याहाळून झालं, मग तिला मी दिसलो. "सांभाळून कर रे बाळा. लागेल त्याला."

"हो, आई," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

फोन संपला. मी फेस पुसला, पाण्याची वाटी बाहेर ओतली आणि परत आलो. तो तसाच बसून होता.

"पुढच्या खेपेची माझी वेळ तू घे," तो म्हणाला.

"आणि फोन कुणाला लावू, साहेब?"

तो मांडीवरच्या टॉवेलची घडी घालू लागला.

ओली पट्टी जखमेवर ठेवून चालणार नव्हतं. मी प्रथमोपचाराची पेटी काढली आणि चिकटलेली पट्टी ओढली. त्याचे डोळे भरून आले.

"दुखतंय?"

"हो."

"दुखू द्या," मी म्हणालो आणि कोरडी पट्टी हलक्या हातानं दाबून बसवली.