तिसरं पत्र

ताईंनी पेनाचं टोपण काढलं आणि समोर बसलेल्या मालिशवाल्या बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"दोन ओळी पुरेत, ताई," बाई म्हणाल्या. "यांना मी ओळखते, काम चांगलं आहे. खाली सही. झालं."

"ही काय शिफारस झाली? असं तर मी गॅसच्या शेगडीबद्दलही लिहून देईन."

ताई एका छापखान्यातून निवृत्त झालेल्या मुद्रितशोधक. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला होता आणि आता तेच काम त्या फुकट करत. औषधाच्या पाकिटावरची माहितीसुद्धा त्या लाल पेन हातात धरूनच वाचत. अशा माणसाकडे पत्र मागायला बाई आपण होऊन गेल्याच नसत्या. पण दवाखान्यात कुणीतरी परीक्षेचं बोललं, ते ताईंच्या कानावर गेलं, आणि "आईचं तुम्ही एवढं केलंत, पत्र मी देणार," असा फोन आला. बाईंनी एकदा पाहुणे सांगितले, एकदा ताप सांगितला. तिसऱ्या फोनला सांगायला काही उरलं नव्हतं.

नवा नियम निघाला होता. वर्षअखेरपर्यंत ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, त्याला कुठल्याही दवाखान्यात रुग्णाच्या अंगाला हात लावता येणार नव्हता. बाई एकोणपन्नास वर्षांच्या. त्यातली तेवीस वर्षं लोकांच्या पाठी, खांदे आणि पोटऱ्या चोळण्यात गेलेली. शहरातल्या कितीतरी माणसांच्या कमरा त्यांना चेहऱ्याच्या आधी ओळखू येत. पण ज्यांच्या दवाखान्यात त्या काम करत, त्या हाडांच्या डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं होतं, "कागद आणा, नाहीतर मागची खोली मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." म्हणून बाईंनी वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. शेवटी परीक्षा, आणि तिच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात असं सगळे सांगत. पहिल्या दिवशी नवऱ्यानं दारात उभं राहून विचारलं, "डबा देऊ का भरून? आणि कुणी मारलं तर लगेच सांग, मी येतो तुझ्या मॅडमना भेटायला."

वर्गात सगळ्या विशी-बाविशीतल्या मुली. शिकवणारी मॅडम बाईंच्या भाचीएवढी. ती मणक्यांना आकड्यांनी ओळखायची, बाई माणसांनी. कमरेचा चौथा मणका म्हटलं की बाईंना शिंपीमामा आठवत, पाचवा म्हटलं की पोहायला शिकवणारे मास्तर. तरी आठ धडे बरे गेले. आपण इतकी वर्षं जे करत होतो त्याला एवढी भारदस्त नावं आहेत, या आनंदात बाई घरी भांडी घासतानासुद्धा स्नायू म्हणत असत.

मग दोन महिन्यांपूर्वी नववा धडा आला. 'कधी हात लावू नये.'

मॅडमनी तो पाण्यासारखा वाचून दाखवला. रुग्ण बरेच दिवस झोपून असेल किंवा पायाचं प्लॅस्टर नुकतंच काढलेलं असेल, आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, आत घट्ट गाठ लागत असेल, तर चोळू नये. शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं. चोळण्यानं ती गुठळी सुटते आणि रक्तातून फुप्फुसात जाते. रुग्ण दगावू शकतो. मुलींनी खाली रेघ मारली. बाईंची पेन्सिल रेघेच्या निम्म्यावर थांबली, ती अजून तिथंच होती.

तेव्हापासून मानेसाठी आलेल्या माणसालाही त्या आधी पाय दाखवायला सांगत.

"मान दुखतेय हो माझी," शिंपीमामा परवा म्हणाले होते. "ती पायापर्यंत कधी पोचली?"

"दाखवा म्हटलं ना," बाई म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही पोटऱ्यांना हाताची उलटी बाजू लावून पाहिली होती. मामांचे पाय थंडगार निघाले, तेव्हा कुठं बाईंनी मानेला हात घातला.

आता ताईंनी अर्जासोबतचा कागद डोळ्यांसमोर धरला.

"एका अनुभवाचं सविस्तर वर्णन करावं, असं छापलंय इथं. दोन ओळी कुठून आणल्यात तुम्ही? आपण आईची गाठच लिहू."

"ते नको."

"का नको? दुसरं आहे काय सांगण्यासारखं?"

"कंबरही चोळायचे मी त्यांची. कमरेचं लिहा. कंबर बरी."

"कंबर सगळ्यांचीच दुखते. परीक्षकाचीसुद्धा दुखत असेल. पण अशी गाठ तीन दिवसांत घालवणं सगळ्यांना जमत नाही." ताई उठल्या. "आजकाल लोकांना मोठेपणा घ्यायची फार घाई असते. तुम्ही जगावेगळ्याच आहात."

त्या आतल्या कपाटापाशी गेल्या. बाईंनी तेवढ्यात दाराकडे पाहिलं. चपला दाराशीच होत्या. पण एकोणपन्नासाव्या वर्षी कुणाच्या घरातून पळून जायचं म्हणजे गुडघे साथ द्यायला हवेत. त्यांनी तळहात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

ताई एक लांबट वही घेऊन परत आल्या.

"आईच्या आजारपणाची नोंद. औषधं, ताप, कोण आलं, किती वाजता. माझी सवय." त्यांनी चष्मा सारखा केला आणि पानं मागं-पुढं केली. "प्लॅस्टर निघालं शनिवारी. हं, हे बघा. सोमवार. उजव्या पोटरीत गाठ, लिंबाएवढी. पाय गरम. बाईंनी वीस मिनिटं चोळली. मंगळवार. गाठ वाटाण्याएवढी. आईला चहा गोड लागला. बुधवार. गाठ नाही. आई खूश. बाईंच्या हाताला यश आहे म्हणाली."

ताईंनी ते शेवटचं वाक्य पत्राच्या कच्च्या कागदावर उतरवून घेतलं.

"गुरुवार," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "गुरुवारचं काही लिहिलेलं नाही."

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"गुरुवारी सकाळीच तर गेली ती. न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत आली, दम लागलाय म्हणाली. मी पाणी आणायला गेले." ताईंनी वही मिटली नाही, उलट तिच्यावर हात फिरवून पान नीट सपाट केलं. "हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. वयही होतंच. पण शेवटचे तीन दिवस सुखाचे गेले ते तुमच्यामुळं. अकरा वर्षं झाली, मी सगळ्यांना सांगते."

हे मात्र खरं होतं. ताई सगळ्यांना सांगत आणि त्या सांगण्यावर बाईंना निदान पाच घरं मिळाली होती.

"बरं," ताईंनी पुन्हा पेन उचललं. "नुसतं गाठ म्हणून चालायचं नाही. शिकल्यासवरल्या लोकांपुढं जाणार पत्र. तुमच्या पुस्तकात हिला काय म्हणतात? तो शब्द घालू, वजन येईल."

पुस्तक बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत होतं. सोमवारच्या परीक्षेसाठी वाटेत वाचायला म्हणून त्यांनी ते घेतलं होतं आणि वाटेत उघडलं नव्हतं. पुस्तकात असलं काही नाही, एवढं म्हटलं असतं तर ताईंनी मान डोलावली असती. गाठ म्हणजे गाठ, असं लिहून पत्र पुरं झालं असतं. पण ते पत्र मग परीक्षकांच्या टेबलावर जाणार. परीक्षक नववा धडा शिकलेले असणार. वार वाचून, दिवस मोजून ते चष्म्यावरून वर बघणार. बाईंनी हे चित्र दोन महिने इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्या परीक्षकाच्या चष्म्याची काडीसुद्धा त्यांना पाठ झाली होती.

आज पहिल्यांदा त्यांना दुसरंच काही दिसलं. ताई इथंच बसलेल्या असणार, हीच वही घेऊन. आणखी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत.

"आहे पुस्तकात," बाई म्हणाल्या. "पान एकशे चौदा."

त्यांनी पुस्तक पिशवीतून काढलं आणि ते पान उघडून ताईंपुढं ठेवलं.

ताई वाचायला बसल्या की ओळीखाली बोट धरत. बोट चालत राहिलं, परिच्छेदाच्या शेवटाला पोचलं, आणि पुन्हा वर आलं. या वेळी ते फार हळू उतरलं. मध्येच उजव्या हातातलं लाल पेन पुढं झालं. फुप्फुसात या शब्दातलं एक अक्षर छापायचं राहिलं होतं. ताईंनी ते बारीक अक्षरात वर लिहिलं, खाली खूण केली, आणि पेनाला टोपण लावलं.

"हे तुम्हाला केव्हा समजलं?"

"दोन महिने झाले."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"नाही, ताई. गाठ दिसली की जोर लावायचा, एवढंच मला शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांनाही तेवढंच येत होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे, म्हणत होता. ते चांगली दोन-तीन मिनिटं चाललं.

"तिला दुखत होतं का? चोळताना?"

"हो." बाईंनी मान वर केली नाही. "थोडं सोसा, म्हणाले मी. मोकळं होईल म्हणाले."

"मग?"

"मग त्यांनी सोसलं."

ताई उठून खिडकीशी गेल्या, खिडकी लावली, परत उघडली. बाईंना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसापुढं निदान रडता तरी येतं. पण ताई खुर्चीवर येऊन बसल्या. कच्चा कागद त्यांनी चार तुकडे करून टेबलाखालच्या टोपलीत टाकला आणि कोरे कागद पुढं ओढले.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. वरच्या मजल्यावरच्या एक आजी उतरताना म्हणाल्या, "अहो, वाटेत बसलात, बरं नाही का?" बाईंनी अंग चोरून वाट दिली आणि सवयीनं आजींच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. अर्ध्या तासानं दार उघडलं. ताईंनी पाकीट पुढं केलं. ते डिंकानं चिकटवलेलं होतं आणि जोडावर आडवी सही होती, लाल शाईत. पुस्तकही त्यांनी परत दिलं. नजर मात्र दिली नाही.

"सोमवारी किती वाजता?"

"दहाला."

"हं," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सोमवारी बाई नऊलाच पोचल्या. तीन दिवस पाकीट त्यांनी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं, आणि नवऱ्याला ते चुकून दिसल्यावर त्यानं "प्रेमपत्र का?" असं विचारून पुरतं गप्प व्हावं असा चेहरा त्यांनी केला होता. खिडकीपलीकडच्या कारकुनानं अर्ज घेतला, फोटो घेतले, पत्रं मोजली.

"अनुभव किती वर्षांचा?"

"तेवीस."

"मग दोनच पत्रं लागतात." त्यानं लाल सहीचं पाकीट परत सरकवलं. "वीसच्या खाली तीन, वीसच्या वर दोन. तुम्ही लोक नियम वाचतच नाही."

बाईंनी पाकीट उचललं. ते हलकं होतं, एवढं हलकं की पिशवीत टाकलं असतं तर आहे की नाही समजलं नसतं. शिंपीमामांनी लिहिलं होतं की बाईंच्या हातात जादू आहे. पोहण्याच्या मास्तरांनी लिहिलं होतं की त्यांचा खांदा त्यांना परत मिळाला. दोन पत्रं, तेवीस वर्षं, आत जायला कसलीच अडचण नाही. मागच्या मुलीनं "काकू, झालं का?" असं विचारलं.

त्यांनी पाकीट खिडकीतून पुन्हा आत सरकवलं.

"हेही जोडा."

"लागत नाही म्हटलं ना."

"जोडा तरी."

"बाई, आजचे परीक्षक सगळं वाचतात हं. जुने आहेत. त्यांना फार लिहिलेलं आवडत नाही."

"वाचू दे."

कारकुनानं खांदे उडवले, कात्रीनं पाकिटाची कड कापली आणि आतले कागद बोटांनी मोजले.

"चार पानं," तो म्हणाला. "एवढं काय लिहिलंय?"

"मला माहीत नाही."

त्यानं बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग कागदांना भोकं पाडली, फाईलला दोरी बांधली आणि ती समोरच्या खोलीत नेऊन ठेवून आला. "बसा तिथं. बोलावतील."

बाई बाकावर बसल्या. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत कुणीतरी खुर्ची पुढं ओढली, घसा खाकरला. एक पान उलटल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं दुसरं. मग बराच वेळ कुठलाच आवाज आला नाही.