काच बंद ठेवायची

फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याला गाडीच्या एसीचा एक कंडेन्सर बदलायला चार चार दिवस लागावेत? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण गाडी आमच्याच अंगणात उभी होती. बंपर काढून भिंतीला टेकवलेला, आणि पुढचा भाग सगळा उघडा पडल्यामुळे ती दात पडलेल्या म्हातारीसारखी दिसत होती. शेजारच्या मास्तरांनी कुंपणावरून विचारलंच, "काय हो, गाडी दुरुस्त करताय की नवीन बनवताय?"

यांनी मानही वर न करता पाना फिरवला. एरवी मास्तरांना एकाला दोन ऐकवल्याशिवाय यांचा दिवस जात नाही.

गाडी आमच्या लेकीची. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून जावई आणि नात आमच्याकडेच राहत होते. नातीला आम्ही ठकी म्हणतो, कारण लहानपणी ती कुठे बसवली की बाहुलीसारखी तिथेच बसायची. आता सहा वर्षांची आहे आणि मिनिटभर एका जागी ठरत नाही. जावयांना दूरच्या शहरात नोकरी लागली होती. त्यांची आई तिथेच असते, ठकीची शाळाही ठरली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं, म्हणजे रविवारी पहाटे निघायचं. रस्ता दिवसभराचा, ऊन अंगाची लाही करणारं, आणि गाडीचा एसी उन्हाळा लागला तेव्हापासून बंद. रस्त्यावरचा खडा उडून कंडेन्सरला भोक पडलं होतं, गॅस सगळा निघून गेला होता. "गॅरेजला कशाला पैसे घालायचे? अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी करतो," असं हेच म्हणाले होते.

जावई वाईट असते तर बरं झालं असतं. भांडायला तरी जागा राहिली असती. पण तो माणूस इतका सरळ, की आम्हाला सोडून जातोय म्हणून त्याच्याच घशाखाली जेवण उतरत नव्हतं. मग मी रागावू कुणावर? उरले हे.

आणि यांनी कारणंही भरपूर दिली. पहिल्या दिवशी एक बोल्ट गंजलाय म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी दात घासायच्या ब्रशने रेडिएटर घासत बसले. मग बघते तर नव्या कोऱ्या कंडेन्सरची पाती चिमट्याने सरळ करताहेत.

"अहो, ती मुळात वाकडी कुठे आहेत?"

"तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून गॅस, गळती आणि कॉम्प्रेसर याशिवाय दुसरं ऐकलंय काय मी?

उन्हाळाभर त्या गाडीच्या काचा उघड्याच असायच्या. शाळेतून येताना ठकी कोपऱ्यावरूनच ओरडायची, "आजोबा, फाटक!" की हे हातातलं टाकून धावायचे. चहा सांडायचे, चपला उलट्या घालायचे, पण गाडी येईपर्यंत फाटक सताड उघडं असायचं. एकदा तर तोंडावर साबण तसाच होता.

शुक्रवारी एकदाचा कंडेन्सर बसला. पुढचं काम मला पाठ आहे. पंप लावून आतली सगळी हवा ओढून घ्यायची, की गेजचा काटा शून्याच्या खाली जातो. मग पंप बंद करून बघत बसायचं. काटा हलला नाही तर जोड पक्के. वर चढू लागला तर कुठूनतरी हवा शिरतेय. काटा चढला.

"गळतंय," हे म्हणाले. अगदी शांतपणे. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. यांनी बसवलेला जोड गळाला तर हे घर डोक्यावर घेतात.

संध्याकाळी जावई आले. बंपर अजून भिंतीलाच टेकलेला बघून जरा थांबले. म्हणाले, "बाबा, राहू दे आता. खिडक्या उघड्या टाकून जाऊ आम्ही."

"पोरीला एवढ्या उन्हात नेणार?"

"मग काय करू, बाबा? जायला तर लागणारच."

त्यांचा आवाज चढला नाही, यांचाही नाही. दोघंही त्या उघड्या पडलेल्या गाडीकडे बघत उभे राहिले. मला तिथे थांबवेना.

शनिवारी सकाळी यांचा शर्ट भिजत घालायला घेतला. सवयीने खिसा चाचपला, तर प्लॅस्टिकची बारकी पुडी. आत हिरव्या रबरी रिंगा, पुडी न फोडलेली. या रिंगा पाइपच्या जोडात बसतात, आणि कंडेन्सर नवा घातला की रिंगाही नव्याच घालायच्या. जुन्या, दबलेल्या तशाच ठेवल्या तर जोड गळणारच. एवढ्यावरून यांनी आपल्या दुकानातल्या कामगारांचा किती उद्धार केला असेल!

मी ओल्या हातानेच अंगणात गेले आणि पुडी यांच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

यांनी पुडीकडे बघितलं. लपवालपवी केली नाही.

"तेवढंच होतं माझ्या हातात," म्हणाले.

चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते मी. पण यांचा तो चेहरा याआधी एकदाच पाहिला होता, दवाखान्यातल्या बाकावर. माझा राग जागच्या जागी जिरला. तरी बोलायचं ते बोलावंच लागलं, कारण दुसरं कोण बोलणार?

"ती जाणारच आहे. गार जायची की भाजत जायची, एवढंच तुमच्या हातात आहे."

मग मी आत गेले, मोरीतला नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

बाहेर आले तेव्हा जोड उघडलेले होते. एकेक रिंग बोटावर घेऊन हे तिला तेल लावत होते, बाळाच्या अंगाला लावावं तसं, सावकाश. ठकी स्टेअरिंग धरून तोंडाने गाडी पळवत होती. पंप चालला, बंद झाला. हे उपड्या बादलीवर बसले, मी पायरीवर. दोघांचे डोळे काट्यावर. मी मनातल्या मनात म्हणत होते, हल मेल्या, हल जरासा. यांनी गेजच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. तरी हलला नाही.

"पक्का बसला," हे म्हणाले.

दुपारी गॅस भरला, बंपर चढवला. ठकीने हवेच्या झोतासमोर तोंड धरलं, तिचे केस भुरभुर उडाले. "आजोबा, मला थंडी वाजते!" ती किंचाळली. किती दिवसांनी हे हसले.

"आता एक लक्षात ठेवायचं हं, ठके," हे मोठ्या गंभीरपणे म्हणाले. "एसी चालू असला की काच बंद ठेवायची. उघडली की गार हवा पळून जाते."

"सगळी?"

"सगळी."

पहाटे सामान भरून झालं. जावई यांच्या गळ्यात पडले. ठकी मागे बसली. गाडी सुरू झाली, काचा वर गेल्या.

फाटकातून निघताना ठकी काहीतरी म्हणाली. ओठ हलताना दिसले. हे कानामागे हात धरून पुढे वाकले, "काय गं?" तिने काच खाली करायला हात पुढे केला. मग आजोबांकडे बघितलं, शहाण्यासारखी मान हलवली, आणि हात मागे घेतला.

गाडी कोपऱ्यावर वळली. हे फाटकाची दांडी धरून तसेच उभे, कान कोपऱ्याकडे.

"ओरडली का गं काही?"

"मला नाही ऐकू आलं."

"नाहीच येणार," हे म्हणाले. "काच बंद आहे."

मी फाटक लावायला गेले, तर हे दांडीवरचा हात काढीनात.

"राहू दे उघडं," म्हणाले.