एक बूट पायात, एक हातात

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे, दाराएवढे उंच. माझ्यात एक धिप्पाड माणूस पलंगाच्या कडेला बसला आहे. अंगात बनियन, एका पायात बूट, दुसरा बूट हातात आणि डोळे काठोकाठ भरलेले.

हा माणूस अग्निशमन दलात होता. एका गोदामाच्या आगीत त्याचा जोडीदार आतच राहिला. दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला, पण दुसरा बूट काही केल्या पायात चढेना. त्याच्या लेकीने ते दारातून पाहिले. पुढे ती चित्रकार झाली आणि वडील निवृत्त झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला तसंच काढायचंय."

"वेडी का तू? काढायचं तर शिडीवर चढताना काढ!"

"शिडीवरचे बाबा सगळ्यांना माहीत आहेत. हे बाबा फक्त मला माहीत आहेत."

आठ दिवस ते धुसफुसले. नवव्या दिवशी बूट घेऊन समोर येऊन बसले.

खांदे पटकन जमले. हात मात्र जमेनात. सहा वेळा तिने ते खरवडून काढले, पण हार मानली नाही. सातव्या वेळी बसल्या बसल्या वडील एकदम बोलले, "मी त्याला हाक मारली होती गं. दोनदा." ती रडू लागली, पण कुंचला थांबवला नाही. त्या दिवशी मला माझे हात मिळाले.

प्रदर्शनात लोक माझ्यापुढे खिळून उभे राहिले. तेवढ्यात तिचा थोरला भाऊ आला. "बाबांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!" तो कडाडला. वडील गप्प राहिले, म्हणून तिचाही नाइलाज झाला. मला चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकले. सहा वर्षे! ओल लागली, कोपऱ्यावर बुरशी चढली, उंदरांनी चौकट कुरतडली.

एक दिवस वडिलांच्या कानावर आले की दलातल्या एका जवानाने मोठ्या आगीनंतर नोकरी सोडली. कुणाशी एक शब्द बोलला नाही. वडिलांनी मला माळ्यावरून खाली उतरवून घेतले.

"हे आपल्या अग्निशमन केंद्रात लावायचं."

"बाबा, तिथे सगळे तुम्हाला ओळखतात!" थोरला म्हणाला.

"म्हणूनच तिथे लावायचं."

लेकीने महिनाभर कापसाच्या बोळ्यांनी माझी बुरशी टिपली. मग जवान कपडे बदलतात त्या खोलीत मला टांगले. पहिल्या दिवशी दोघे-चौघे फिदीफिदी हसले. वडिलांनी ऐकले, पण मला उतरवू दिले नाही.

काही आठवड्यांनी बंबाचा दांडगा चालक पाळी संपवून माझ्यासमोरच्या बाकावर बसला. बराच वेळ पाहत राहिला. मग बूट काढणाऱ्या सोबत्याला म्हणाला, "मलाही झोप लागत नाही रे, त्या मोठ्या आगीपासून."

सोबती हसला नाही. एकाच पायात बूट, तसाच लंगडत त्याच्या शेजारी येऊन बसला.

मित्रांनो, आम्हा चित्रांना ओलीत टाकू नका. टाकलेच असेल, तर बाहेर काढा आणि हलक्या हाताने पुसा. घाई केलीत तर रंग निघून येईल. आणि तुमच्या घरातला एखादा भरभक्कम माणूस गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो लगेच बोलणार नाही. तरी उठू नका.